जुन्या मिस्साग्रंथाची बांधणी: अप्पा बळवंत चौकामागचे बाइंडरकाका

जुनं, जड, कणा मोडलेलं पुस्तक ज्यांना टाकवत नाही आणि नुसते फोटो काढून ठेवून ज्यांचं समाधान होत नाही, त्यांनी या काकांकडे जावं. काम उत्तम, भाव वाजवी, वेळ मात्र भरपूर लागतो. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण मी नेलेलं पुस्तक वेगळं होतं, मिस्सेच्या, म्हणजे कॅथोलिक देवळातल्या भाकर-द्राक्षारसाच्या मुख्य उपासनेच्या, प्रार्थनांचा जुना लॅटिन ग्रंथ, आणि काकांनी ते ज्या समजुतीने बांधलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

दुकानाला पाटी नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांमागच्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. बाहेर लोखंडी शिकंजा आणि कापायचं मशीन, आत खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं आणि भिंतीला टेकून पीएचडीवाल्यांच्या प्रबंधांचे गठ्ठे. आसपासच्या कुठल्याही कागदवाल्याला ‘जुजबंदी करणारे काका’ म्हणून विचारा, तो हात करून दाखवतो. ‘माझं नाव आणि नंबर कुठे टाकायचा नाही’, असं काकांनी कबूल करून घेतलंय, म्हणून इथे दोन्ही नाही.

माझे आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि देवळात वेदीची सगळी तयारी बघायचे. लॅटिन मिस्सा बंद होऊन नवा ग्रंथ आला तेव्हा जुना मिस्साग्रंथ कपाटात गेला आणि काही वर्षांनी तिथल्या फादरांनी तो आजोबांना देऊन टाकला. फूटभर उंचीचा, लाल-काळ्या शाईत छापलेला, मुख्य प्रार्थनेच्या पानांना धरायला कातड्याच्या छोट्या जिभा लावलेला. तो आता वडगाव शेरीला माझ्या घरी आहे. पाठीचं कातडं हाताला लागलं की तांबड्या पिठासारखं सुटायचं आणि मधली पानं धाग्याला लोंबत होती.

आधी मी कॅम्पातल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. तिथे सांगितलं, कणा कापून टाकू, कडा घासून गरम गोंदाने चिकटवू, उद्या संध्याकाळी घेऊन जा. मध्ये मध्ये चिकटवलेली चिठोरी उपसून टाकली की पुस्तक कसं सपाट बसेल, हेही वर ऐकवलं. मी पुस्तक उचललं आणि बाहेर पडले.

काकांनी पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा हात धुतले. मग टेबलावर स्वच्छ कापड टाकून एकेक जुज, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, उलगडत गेले. मेणाचे डाग दिसले तिथे थांबले, शिलाईची जुनी भोकं बोटाने चाचपली. अर्ध्या तासाने मान वर करून म्हणाले, “ताई, याच्यात मूळ छपाईची नसलेली पानं बरीच आहेत. कुठे आख्खं पान घातलंय, कुठे पट्टी चिकटवली आहे, एके ठिकाणी पानं सुतळीने बांधून टाकलीत. हे सगळं काढायचं की ठेवायचं? बांधायची पद्धत त्यावर ठरेल.”

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, देवळातसुद्धा नाही. कारण कॅथोलिक मिस्सेत बदल कोण करू शकतो आणि कुठवर करू शकतो, याचं उत्तर त्या चिकटवलेल्या पानांतच आहे. मी म्हटलं, “काका, एकही चिठोरं काढायचं नाही. प्रत्येकामागे एका पोपचा निर्णय आहे.” त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मग आम्ही दोघं पहिल्या पानापासून बसलो.

मुखपृष्ठाचा मजकूर मला रामवाडीच्या पेपल सेमिनरीत पूर्वी शिकवलेल्या एका वयोवृद्ध फादरांनी वाचून दाखवला होता. ही सेमिनरी स्वतःच एका पोपच्या निर्णयातून जन्मली. तेराव्या लिओ यांनी ती १८९३ साली श्रीलंकेत कँडीला काढली, १९५५ साली ती पुण्यात आली. मजकूर असा: ट्रेंट परिषदेच्या (सोळाव्या शतकातल्या बिशपांच्या धर्मसभेच्या) ठरावानुसार पुनःस्थापित केलेला रोमन मिस्साग्रंथ, संत पाचवे पायस यांच्या आज्ञेने प्रसिद्ध, पुढच्या पोपांनी तपासलेला, दहाव्या पायस यांनी सुधारलेला, पंधराव्या बेनेडिक्ट यांच्या अधिकाराने प्रसृत. ही १९२० सालच्या अधिकृत आवृत्तीची ओळख. पान उलटलं की १४ जुलै १५७० चं पाचव्या पायस यांचं आज्ञापत्र येतं. त्याच्याच मागे १६०४ सालचं आठव्या क्लेमेंट यांचं आणि १६३४ सालचं आठव्या अर्बन यांचं पत्र छापलेलं आहे.

हे पान मला महत्त्वाचं वाटतं ते माझ्या भाच्यामुळे. तो आयटीत आहे, खराडीला राहतो, मनापासून श्रद्धाळू आहे आणि जुन्या लॅटिन मिस्सेवर त्याचं फार प्रेम आहे. त्याचं म्हणणं असं: “मावशी, पाचव्या पायस यांनी लिहून ठेवलंय की हा ग्रंथ सदासर्वकाळ चालेल आणि जो याच्याविरुद्ध जाईल त्याच्यावर देवाचा कोप होईल. मग १९६९ साली सहाव्या पॉलना हे बदलायचा अधिकार आला कुठून?” प्रश्न प्रामाणिक आहे आणि बरेच तरुण तो विचारतात.

मी त्याला हेच पुस्तक दाखवलं. ‘सदासर्वकाळ’ लिहिल्यावर चौतीस वर्षांत दुसऱ्या पोपनी त्याच ग्रंथात दुरुस्त्या केल्या आणि त्या करणारं पत्र आधीच्या आज्ञापत्राला चिकटून छापलं. कुणालाही त्यात बंडखोरी दिसली नाही. उपासनेची शिस्त लावणारा कायदा एका पोपने केला म्हणजे त्यांच्या गादीवर पुढे येणाऱ्याचे हात बांधले जात नाहीत, कारण दोघांचा अधिकार एकच आहे. खुद्द पाचव्या पायस यांनी १५६८ साली स्पॅनिश कार्डिनल किन्योनेस यांचं प्रार्थनापुस्तक बंद केलं होतं आणि त्या पुस्तकाला परवानगी दिली होती तिसऱ्या पॉल या आधीच्या एका पोपनी. आपल्या आधीच्या पोपचा निर्णय फिरवणाऱ्या माणसाला आपला निर्णय कुणी फिरवूच शकणार नाही असं म्हणायचं असेल, हे मला पटत नाही. ते वाक्य छापखानेवाल्यांना, बिशपांना, फादरांना उद्देशून आहे: तुम्ही मनाने काही घालायचं नाही, काढायचं नाही.

त्याच आज्ञापत्रातली आणखी एक गोष्ट लोकांना सांगावी लागते. दोनशे वर्षांहून जुन्या परंपरांना पाचव्या पायस यांनी हात लावला नाही. मिलानची अम्ब्रोसियन पद्धत राहिली, डॉमिनिकन आणि कार्थुसियन संघांच्या पद्धती राहिल्या. सत्ता होती, तरी जिथे झाड जुनं होतं तिथे कुऱ्हाड घातली नाही. पोपचा अधिकार म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर मला ही सूट आज्ञेइतकीच महत्त्वाची वाटते.

काका पानं उलटत होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपाशी एक वेगळ्या, जाडसर कागदाचं सुटं पान निघालं. ख्रिस्तराजाचा सण. तो अकराव्या पायस यांनी डिसेंबर १९२५ मध्ये सुरू केला, म्हणजे हा ग्रंथ छापून झाल्यावर. नवा सण आला म्हणून ग्रंथ बदलायचा नाही, छापलेलं पान मागवायचं आणि आत सरकवायचं. पुढे हाच सण सहाव्या पॉल यांनी उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी नेला. काकांनी या पानासाठी कापडाची अरुंद पट्टी लावली आणि पान त्या पट्टीवर शिवून जुजात बसवलं. आता ते सुटतही नाही आणि बाकीच्या पानांवर ताणही देत नाही.

१५ ऑगस्टला तसंच. मारियाच्या स्वर्गउन्नयनाचा, म्हणजे येशूच्या आईला देहासह स्वर्गात नेलं गेल्याचा, सिद्धांत बाराव्या पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० ला जाहीर केला आणि त्या दिवसाच्या मिस्सेच्या प्रार्थना नव्या दिल्या. जुन्या पानावर नवं पान चारी बाजूंनी डकवलेलं होतं. काकांनी ते ओलसर टीपकागदाने हळूहळू सोडवलं आणि फक्त डाव्या कडेला पुन्हा चिकटवलं. आता वरचं पान दारासारखं उघडतं आणि खालचा जुना मजकूर वाचता येतो. हे मी सांगितलं नव्हतं. “दोन्ही वाचता आलं पाहिजे ना?” एवढंच म्हणाले.

मग मुख्य प्रार्थना. ज्या पानांवर फादरांचे हात रोज पडले ती पानं. कडा काळवंडलेल्या, मेणाचे थेंब, समोर क्रूसावरच्या ख्रिस्ताचं चित्र. या प्रार्थनेचा मजकूर थोरले ग्रेगरी, म्हणजे सातव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचे पोप, यांच्यानंतर जवळपास हललाच नाही अशी परंपरा सांगते. तिथे मारियाच्या नावापुढे एक बोटभर पट्टी: ‘आणि त्याच कुमारीचा पती धन्य योसेफ’. तेविसाव्या जॉन यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये हे नाव घातलं, ८ डिसेंबरपासून ते लागू झालं.

त्यामागची हकीकत मी काकांना सांगितली तेव्हा त्यांच्या हातातली सुई थांबली. दुसरी व्हॅटिकन परिषद, जगभरच्या बिशपांची धर्मसभा, नुकतीच सुरू झाली होती. मोस्तारचे बिशप पेतार चुले बोलायला उभे राहिले. युगोस्लाव्हियातल्या कम्युनिस्ट तुरुंगात वर्षं काढलेला माणूस. योसेफाचं नाव मुख्य प्रार्थनेत यावं म्हणून ते कळकळीने, लांबत बोलत होते आणि सभापतींनी त्यांना आवरतं घ्यायला लावलं. पोप आपल्या खोलीत बसून पडद्यावर परिषदेचं कामकाज बघत असत. थोड्याच दिवसांत निर्णय जाहीर झाला. परिषदेत मतदान नाही, समितीचा अहवाल नाही. शतकानुशतकं ज्या मजकुराला कुणी शिवलं नाही त्यात पोपनी एक नाव घातलं, आणि ते नाव नगर जिल्ह्यातल्या एका देवळात माझ्या आजोबांनी खळ लावून चिकटवलं. पट्टी जराशी तिरकी बसली आहे. ती तशीच ठेवायला मी सांगितलं.

सुतळीने बांधलेली पानं होती पवित्र आठवड्याची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याची. बाराव्या पायस यांनी १९५१ साली ईस्टरचा जागरणविधी रात्री करायला प्रायोगिक परवानगी दिली आणि नोव्हेंबर १९५५ च्या निर्णयाने १९५६ पासून सगळाच आठवडा नव्याने बांधला. त्याआधी शनिवारचा विधी सकाळी व्हायचा. आजोबा सांगायचे, उन्हात ईस्टरची मेणबत्ती पेटवायची, ज्योत दिसायचीसुद्धा नाही आणि फादर लॅटिनमध्ये म्हणत असायचे की ही ती धन्य रात्र. नवा विधी वेगळ्या पुस्तिकेत आला, म्हणून जुनी पानं चुकून उघडली जाऊ नयेत यासाठी त्यांनी ती बांधून टाकली. ती पुस्तिकाही माझ्याकडे आहे. तिच्यात शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुदी लोकांसाठी वापरलेलं एक जुनं, बोचरं विशेषण शाईने खोडलेलं आहे. तेविसाव्या जॉन यांनी १९५९ साली ते काढलं. एका शब्दावरची एक रेघ, पण ती मारायला रोमचा शब्द यावा लागला. गावातल्या फादरांना तो शब्द आधीपासून खुपत असेल, तरी स्वतःहून खोडायचा हक्क त्यांना नव्हता.

हाच नियम बाराव्या पायस यांनी १९४७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिला: उपासनेतली कोणतीही प्रथा मान्य करणं, नवे विधी आणणं, बदलायला हवेत ते बदलणं हा हक्क पोपचा. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने २१४७ विरुद्ध ४ मतांनी उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात रोमचा आणि कायद्याने दिलेल्या मर्यादेत बिशपांचा अधिकार सांगितला आहे. आणि धर्मगुरू असला तरी कुणीही आपल्या मनाने काही घालू, गाळू किंवा बदलू नये, हेही बजावलं आहे. मी कित्येक वर्षं वेदीची तयारी करते आहे. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना रचणारे फादर पाहिले की मला या वाक्याची आठवण होते. लोकांना ती मिस्सा रंजक वाटते, पण जो मजकूर आपल्या मालकीचा नाही तो बदलायचा नाही, हे आजोबांना कळत होतं तर शिकलेल्या माणसांना कळायला हवं.

भाच्याचा दुसरा प्रश्न पहिल्याहून खोल होता. “मग पोप वाटेल ते करू शकतात का?” नाही. ट्रेंट परिषदेनेच १६ जुलै १५६२ च्या सत्रात म्हटलं आहे की संस्कारांच्या देण्या-घेण्यातल्या गोष्टी ठरवायचा, बदलायचा अधिकार ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, आहे, पण संस्कारांचा गाभा राखून. भाकर आणि द्राक्षारस यांच्याऐवजी दुसरं काही घ्यायचा अधिकार कुठल्याही पोपला नाही, कारण ते ख्रिस्ताने ठरवलं. आजच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा ११२५ वा परिच्छेद तर म्हणतो की सर्वोच्च अधिकारीसुद्धा मनमानीने उपासना बदलू शकत नाही, विश्वासाच्या आज्ञेत राहून आणि उपासनेच्या रहस्याचा आदर राखूनच बदलू शकतो. सोळाव्या बेनेडिक्ट यांनी मे २००५ मध्ये, पोप झाल्यावर थोड्याच दिवसांनी, लॅटेरन महामंदिरात सांगितलं की ज्याचे विचार आणि इच्छा हाच कायदा असा निरंकुश राजा म्हणजे पोप नव्हे. अधिकार पूर्ण आहे, पण तो राखणदाराचा आहे. मला हे सगळं धर्मशास्त्राच्या वर्गाबाहेर, एका बाइंडरच्या टेबलावर इतकं स्वच्छ दिसलं, कारण काकाही तेच करत होते. पुस्तक उघडून पुन्हा शिवायचा अधिकार मी त्यांना दिला होता आणि ते एक चिठोरंही स्वतःच्या मर्जीने हलवत नव्हते.

१९६९ च्या बदलाबद्दल माझं मत सरळ आहे. ३ एप्रिल १९६९ ला सहाव्या पॉल यांनी नव्या मिस्साग्रंथाचा आदेश काढला, त्या वर्षीच्या आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारपासून, ३० नोव्हेंबरपासून, तो अमलात आला. अधिकाराचा प्रश्नच नाही, तो त्यांना होता. आणि मी त्या निर्णयाची ऋणी आहे. जुन्या ग्रंथात रविवारची वाचनं दरवर्षी तीच. नव्यात तीन वर्षांचं चक्र आलं, जुन्या करारातली पानंच्या पानं आमच्या कानावर पहिल्यांदा मराठीत पडली. रविवारी मी स्वतः वाचन करते, ते त्यामुळेच. पण आतापर्यंत बदल सुट्या पानांनी, पट्ट्यांनी यायचे, जुनं खाली दिसत राहायचं. या वेळी आख्खा ग्रंथच नवा आला आणि जुना कपाटात गेला. आजोबांसारख्यांना कुणी बसवून समजावलं नाही. ते दुखणं खरं होतं. समजावून सांगणं हे अधिकाराइतकंच मोठं काम आहे असं मला वाटतं आणि भाच्याशी इतका वेळ बोलते ते त्यासाठीच.

काकांकडे मी आणखी एक पुस्तक नेलं होतं, आमच्या देवळातला मराठी मिस्साग्रंथ. वापरून वापरून कोपरे गोल झालेले. मराठी अनुवाद बिशपांनी मंजूर करायचा आणि रोमने त्यावर शिक्कामोर्तब करायचं ही पद्धत आहे. पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये चर्चच्या कायद्याचं ८३८ वं कलम बदलून अनुवादाची मोठी जबाबदारी बिशपांच्या परिषदांकडे दिली, तरी रोमची मान्यता लागतेच. भारतात आरती, जोडलेले हात, समई, जमिनीवर बसून केलेली मिस्सा हे सगळं आपोआप आलेलं नाही. भारताच्या बिशपांनी बारा गोष्टी मागितल्या आणि एप्रिल १९६९ मध्ये रोमने होकार दिला. आरतीचं तबक हातात घेताना मला याचा आनंद वाटतो की हे आमचं आहे आणि परवानगीनेही आहे.

काकांनी मध्येच विचारलं, “म्हणजे सगळ्या कॅथोलिकांची मिस्सा एकच?” तर नाही. खडकीला सीरो-मलंकरा कॅथोलिकांचं, म्हणजे पोपला मानणाऱ्या पण स्वतःची जुनी उपासना राखणाऱ्या केरळी ख्रिस्ती लोकांचं, धर्मपीठ आहे, त्यांची उपासना पश्चिम सीरियन परंपरेची. १९३० साली त्यांचे आर्चबिशप मार इवानिओस रोमशी एकरूप झाले, तेव्हा अकराव्या पायस यांनी त्यांची उपासना तशीच राखली. पुण्यात सीरो-मलबार, म्हणजे केरळातल्याच दुसऱ्या पूर्वेकडच्या परंपरेची, कुटुंबंही भरपूर आहेत. वेदीकडे तोंड करायचं की लोकांकडे, यावर त्यांच्या सिनडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, एकसमान पद्धत ठरवली, पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ती स्वीकारायला सांगितली, आणि केरळातल्या एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतात त्यावरून किती वेदना झाल्या हे सगळ्यांनी वाचलं आहे. पूर्वेकडच्या सभांमध्ये आधी सिनड ठरवते, पोपचा शब्द वेगळ्या वाटेने येतो. काकांना हे ऐकून बरं वाटलं, मला दिसलं ते.

लॅटिन मिस्सेचं आजचं काय, हेही सांगून टाकते, कारण भाचा हे वाचणार आहे. २००७ साली सोळाव्या बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्सेचा १९६२ चा ग्रंथ सढळपणे वापरायची मुभा दिली, तो कधी रद्द झालाच नव्हता असं लिहून. १६ जुलै २०२१ ला फ्रान्सिस यांनी ती मुभा आवळली, सहावे पॉल आणि दुसरे जॉन पॉल यांनी दिलेले ग्रंथच रोमन विधीची एकमेव अभिव्यक्ती आहेत असं ठरवून. ट्रेंटच्या त्या सत्राचीही तारीख १६ जुलैच होती. भाच्याला बेनेडिक्ट जवळचे वाटतात, मला फ्रान्सिस यांची काळजी समजते, पण आम्ही दोघांनी एकमेकांना एक सांगितलं आहे: आवडत्या पोपचा आदेश तेवढा पाळायचा, असं करायचं नाही. तो आता रविवारी आमच्याबरोबर मराठी मिस्सेला येतो आणि घरी हे जुनं पुस्तक उघडून वाचतो.

आता कामाबद्दल. शिलाई पूर्ण हाताने, जुन्याच भोकांतून, मजबूत मेणदोऱ्याने. फाटलेल्या कडांना पातळ टिश्यू लावलाय, अक्षरं त्यातून स्पष्ट दिसतात. मेण टीपकागद आणि कोमट इस्त्रीने काढलं. खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे झुरळ-वाळवीची धास्ती कमी. पाठीला कातडं, बाकी पुठ्ठ्यावर लाल कापड. पांढरी, लाल, हिरवी, जांभळी, गुलाबी आणि काळी अशा सहा फिती बोहरी आळीतून स्वतः आणून लावल्या, उपासनेचे रंग मी लिहून दिले होते त्याप्रमाणे. कडा कापल्या नाहीत. हे आधीच बजावून सांगा, कारण प्रबंधांच्या सवयीने त्यांच्याकडची मुलं कडा मारतात.

उणिवाही आहेत. सांगितलेल्या तारखेला काम मिळालं नाही, सर्व संतांचा सण उलटून गेला. पाठीवरची सोनेरी अक्षरं किंचित खाली उतरली आहेत. जांभळी फीत बोटभर आखूड आली, उपवासकाळात तीच सर्वांत जास्त लागते. त्यांनी ती बदलून दिली, पैसे न घेता. फोन क्वचितच उचलतात, प्रत्यक्ष जाणंच बरं, दुपारी दोन ते चार सोडून. पैसे रोख, निम्मे आधी.

मोठ्या ग्रंथाचे २४०० रुपये घेतले, मराठी मिस्साग्रंथाचे ९०० रुपये. कॅम्पातल्या दुकानाने मोठ्याचे ६०० सांगितले होते, पण ते कापून चिकटवण्याचे. पवित्र आठवड्याच्या पुस्तिकेला वेगळी शिलाई नको, मोठ्या ग्रंथाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडी खिसा करून तिथे ठेवू, असं काकांनी सुचवलं आहे. सुतळी सोडलेली पानं आणि त्यांच्या जागी आलेली पानं एकाच बांधणीत राहतील. त्याचे २५० रुपये होतील. नाताळची गर्दी ओसरली की पुस्तिका घेऊन जाणार आहे.